गुणवंतीचा सोमवार

जगाचा रविवार असतो, आमचा सोमवार. रविवारी सगळ्या मुंबईला सुरमई लागते, कोलंबी लागते, आणि ती मी कापून देते. पहाटे साडेतीनला उठून भाऊच्या धक्क्यावर जायचं, लिलावात चार बायकांच्या बरगड्यांत कोपर खुपसून माल घ्यायचा आणि उजाडता उजाडता लोअर परळच्या बाजारात फळीवर बसायचं. दुपारी दोनपर्यंत हात थांबत नाही. मुंडकं उडव, पोट फाड, खवलं काढ, तुकडे कर. मध्येच कोणी अक्कल शिकवायला आला तर त्यालाही कापते, पण तोंडाने. एकदा हातानेही झालं. पिऊन आलेला एकजण माझ्या शेजारणीचा पदर ओढत होता, त्याच्या थोबाडात मी दीड किलोची सुरमई हाणली. सुरमईला काही झालं नाही, त्याचा चष्मा तुटला. ती सुरमई धुऊन मी त्याच भावाने विकली. बाजारात अजून सांगतात.

माझं नाव गुणवंती. वय अठ्ठावन्न. गुण किती ते लोकांना विचारा, पण हात जड आहे हे मीच सांगते.

सोमवारी अर्धी मुंबई शंकराच्या नावाने मासळी टाकते. गुरुवारी आणि शनिवारीही टाकते, पण तेव्हा मी फळीवर असतेच, कारण सगळ्यांचे देव आम्हीच पाळायचे म्हटलं तर आम्ही खायचं काय? एक सोमवार मात्र मी माझ्यासाठी ठेवलाय. गेली तीस वर्षं त्या दिवशी मी काही करत नाही.

सातला जाग येते, पण उठत नाही. डोळे उघडे ठेवून अर्धा तास नुसती पडते. नवरा दत्तू आलं ठेचून चहा करतो, बेकरीतून कडक ब्रुन पाव आणतो. वरळी कोळीवाड्यातल्या आमच्या ओट्यावर साडेआठपर्यंत ऊन येतं. त्या उन्हात पाय सोडायचे आणि ब्रुन चहात बुडवून खायचा, कडक राहील इतपतच बुडवायचा. मग कढत पाण्याने आंघोळ, लिंबाच्या सालीने नखं घासायची. त्या दिवशी आमच्याकडे मासळी शिजत नाही. वरण, भात, वर तूप आणि भाजलेला पापड. सहा दिवस मासळीत हात घालणाऱ्या बाईला वरणभात किती गोड लागतो ते तुम्हाला नाही कळायचं. जेवून फरशीवर चटई टाकायची, पंखा पाचवर ठेवायचा आणि झोपायचं. संध्याकाळी वरळीच्या किल्ल्यापर्यंत एक चक्कर. बस्स. सांगण्यासारखं यात काहीच नाही आणि म्हणूनच मला ते हवं असतं.

सोमवारी मी कोणावर ओरडत नाही. तसं काही व्रत नाही घेतलेलं. अंगातला सगळा जोर रविवारी संपलेला असतो, एवढंच.

किर्ती माझी एकुलती एक. सहा वर्षांपूर्वी तिचं लग्न लालबागच्या प्रितेशशी झालं. तोही आमच्यातलाच, रे रोडच्या बर्फाच्या कारखान्यावरून बाजारांना बर्फ पोचवायचा टेम्पो चालवतो. उंचापुरा, हसतमुख, सासूला वाकून नमस्कार करणारा. मला जावई इतका आवडायचा की चांगलं पापलेट हाताला लागलं की आधी त्याच्या घरी जायचं. त्याची आई वारली तेव्हा तिची परळच्या बाजारातली जागा किर्तीला मिळाली. तिचा बाजार वेगळा, माझा वेगळा. सहा दिवस, धक्क्यावरच्या गर्दीतसुद्धा, आम्हा मायलेकींना एकमेकींचं तोंड दिसत नसे, पण सोमवारी सकाळी आठच्या आत ती चार वर्षांच्या स्पृहाला घेऊन दारात हजर. बालवाडीला दर सोमवारी दांडी. मी चिडवायची, की तुझी पोरगी मोठी होऊन रविवार नि सोमवार दोन्ही मागणार.

किर्ती यायची, खायची आणि झोपायची. कशी झोपायची म्हणून सांगू, दाराजवळ फरशीवर, उशी न घेता, दहा मिनिटांत घोरायला लागायची. स्पृहा तिच्या आजोबांच्या जाळ्यात पाय अडकवून बसलेली आणि ही चार-चार तास मेल्यासारखी पडलेली. मला त्याचा केवढा अभिमान. शेजारणींना सांगायची, माझ्या पोरीला माझ्या घरासारखी झोप कुठेच लागत नाही बघा.

मला तिच्याकडून एकच हवं होतं. तिने एक रात्र राहावं. म्हातारपण आलं की माणसाला भलत्याच गोष्टी सुचतात. मला वाटायचं, सोमवारची रात्र तिने इथे काढावी, मंगळवारी पहाटे आम्ही दोघींनी मिळून धक्क्यावर जावं, लिलावात दोन बाजूंनी कोपरं मारावीत. दर सोमवारी मी विचारायची आणि दर सोमवारी पाच वाजले की ती केस बांधून उठायची. नको आये, पुढच्या वेळी बघू. मी मनातल्या मनात प्रितेशला नावाजायची, नवऱ्याशिवाय पोरीला करमत नाही म्हणून.

आता माझी चूक सांगते. तिच्या हातावर जखमा असायच्या. मनगटावर, अंगठ्याच्या बुडाशी, एकदा कोपरापर्यंत काळंनिळं. मी विचारलं की म्हणायची, काटा लागला. शिंगाळा माशाचा काटा लागला की हात असाच सुजतो, मला माहीत आहे, माझ्या स्वतःच्या हातावर असे तीसेक व्रण आहेत. एकदा गालावर सूज होती तेव्हा म्हणाली, बर्फाची पेटी उतरवताना लागली. तेही मला माहीत आहे, बर्फाची पेटी लागते. दुसरी कुठली आई असती, शाळेतली मास्तरीण किंवा बँकेतली बाई, तर तिने पोरीच्या हाताकडे बघून पुन्हा विचारलं असतं. मी हळद गरम करून लावली आणि तिलाच बोलले, की तीन पिढ्यांची कोळीण तू, शिंगाळा कुठे धरायचा ते अजून कळत नाही?

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी ती आली ती अंबाड्यावर अबोलीचा गजरा माळून. सुट्टीच्या दिवशी गजरा, तोही डावीकडे खाली सरकवलेला. मी म्हटलं, सिनेमात काम मिळालं का? ती हसली. ब्रुन खाल्ला आणि झोपली.

अकरा वाजले असतील. मी डोक्याला तेल लावत बसले होते. खोबरेल कोमट केलेलं होतं, वाटीत उरलं होतं. पूर्वी दर सोमवारी मी किर्तीच्या डोक्याला तेल लावायची. गेले काही महिने ती नको म्हणायची, कालच केस धुतले म्हणायची. आज गाढ झोपली होती. म्हटलं झोपेतच लावू, तेवढंच माझ्या जिवाला बरं. तिच्या डोक्याशी बसले, हळूच पिन काढली, गजरा सोडवला.

गजऱ्याखाली केस नव्हते. आठ आण्याच्या नाण्याएवढा नव्हे, चांगला माझ्या तळव्याएवढा तुकडा. मुळासकट उपटलेला, वर खपली धरलेली. त्याच्या बाजूला दुसरा एक जुना, त्यावर नुकतीच लव आलेली.

माझी तेलाची बोटं तिथे लागली तशी ती दचकली. डोळे उघडायच्या आधीच, झोपेतच म्हणाली, "काटा लागला."

"डोक्याला?" मी म्हटलं. "डोक्याला कुठला मासा चावतो गो?"

मग ती उठून बसली आणि गजरा पुन्हा लावायला बघू लागली. पिन लागेना. मी तिचं मनगट धरलं. मला सगळं एकदम कळलं, आणि सगळ्यात आधी माझ्याच अकलेची लाज वाटली.

तिने सांगितलं ते असं. सोमवारी प्रितेशचीही सुट्टी. तो आदल्या संध्याकाळपासून पितो आणि सोमवारी दिवसभर झोपतो. झोपमोड झाली की उठून मारतो. एकदा स्पृहाच्या हातून पातेलं पडलं होतं, एकदा कुकरची शिट्टी झाली होती. बाकीच्या दिवशीही मारतो, पण सोमवारी जास्त, कारण त्या दिवशी त्याला वेळ असतो. म्हणून ती पहाटेच पोरीला उचलून बाहेर पडायची. सातपर्यंत लालबागच्या बसस्टॉपवर बसून राहायची, की इतक्या लवकर आले तर आईला संशय येईल.

म्हणजे तो आरामात झोपावा म्हणून माझी पोर माझ्याकडे यायची. आणि मी ओट्यावर बसून माझ्या घराचं कौतुक सांगायची.

मी उठून आत गेले आणि कोयता घेतला. दत्तू मागे आला. हा माणूस आयुष्यात कोणाशी वर आवाजात बोललेला नाही, समुद्राशीसुद्धा नाही. त्याने माझ्या मुठीतून एकेक बोट सोडवून कोयता काढून घेतला आणि म्हणाला, "हे नको. बाकी जा तू." मग तो कोयत्यावर चटई टाकून तिच्यावर बसला.

वरळी नाक्यावर टॅक्सी मिळाली. डोक्याला तेल, अंगावर घरातलं पातळ, पायात चप्पल नाही. टॅक्सीवाल्याने आरशातून बघून विचारलं, की कोणी वारलं का. मी म्हटलं, अजून नाही.

लालबागला चाळीत तिसरा मजला. दुपारचा एक वाजून गेला होता. गॅलरीत शांत होतं, कुकर उतरलेले, दारं अर्धी उघडी, पडदे ओढलेले. प्रितेशचंही दार नुसतं लोटलेलं होतं. आत पंखा जोरात चालू होता. जमिनीवर ताट, ताटात कोंबडीची हाडं, बाजूला बाटली. आणि खाटेवर तो, उताणा, एक हात डोक्याखाली, तोंड थोडं उघडं.

मी थोडा वेळ नुसती बघत उभी राहिले. झोपलेला माणूस लहान मुलासारखा दिसतो, तोही दिसत होता. किती सुखाची झोप ती. खिडकीतून वारा येत होता, पायावर पातळशी चादर होती, ती माझ्याच पोरीने धुतलेली असणार. माझी पोर उशीही न घेता फरशीवर झोपते आणि हा इथे मऊ गादीवर. मोरीत कपडे धुवायचं धोपाटणं होतं. मी ते उचललं.

पहिला घाव नडगीवर घातला. माशाचं मुंडकं उडवताना असतो तसा, सगळा जोर खांद्यातून. हाड वाजलं. तो ओरडत उठून बसला, तेव्हा दुसरा त्याच नडगीवर. त्याला काही समजत नव्हतं, तो आई आई करत होता. मी म्हटलं, हो, आईच आलीय. तिसरा गुडघ्यावर.

मग त्याला समजलं. बर्फाच्या लाद्या उचलणारा माणूस, त्याने माझे केस धरले आणि मला कपाटावर फेकलं. आरसा फुटला, माझ्या भुवईतून रक्त डोळ्यात आलं. त्याने गळा धरला. माझ्या केसांना तेल होतं म्हणून त्याची पकड निसटली, मी त्याच्या दंडाला कडकडून चावले आणि सोडलं नाही. तोंडात रक्ताची चव आली. तो मागे सरला, दुखऱ्या पायावर भार पडला आणि खाली कोसळला. मी धोपाटणं पुन्हा उचललं. पाठीवर, बरगड्यांवर. त्याने उजवा हात आडवा केला. मला तोच हवा होता. त्या हातावर मी किती वेळा मारलं ते मोजलं नाही. बोटं सुजून वाकडी झाली तरी मारत होते.

खोटं कशाला बोलू, मला मजा आली. प्रत्येक घावाबरोबर अंग हलकं होत होतं. सकाळच्या चहालाही इतकी चव नव्हती.

दारात लोक जमले होते. पण शेजारची कांता म्हणून एक वयस्क बाई दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली आणि कोणाला आत येऊ दिलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, पोलिसांना बोलवा. ती म्हणाली, सासूने मारलं म्हणून हा कुठल्या तोंडाने सांगायला जाईल? मग मला म्हणाली, आम्हाला सगळं ऐकू यायचं हो, पण घरोघरी मातीच्या चुली, कोण बोलणार? तिलाही एक ठेवून द्यावी असं मला वाटलं. हात दमला होता म्हणून राहिलं.

प्रितेश भिंतीला टेकून बसला होता. ओठ फाटलेला, हात छातीशी धरलेला. मला वाटलं पाया पडेल. तो म्हणाला, "तुम्हीच तर सांगितलं होतं, आई. पाठवणीच्या वेळी. हट्टी आहे, नाही ऐकलं तर द्या दोन ठेवून, मी विचारायला येणार नाही."

मी म्हटलं होतं. मांडवात, सगळ्यांसमोर, सगळे हसले होते. सगळ्याच आया म्हणतात तसं. मी धोपाटणं त्याच्या तोंडावर मारलं, त्याचे पुढचे दोन दात त्याच्याच मांडीवर पडले. 

मी त्याच्या माठातलं दोन पेले पाणी प्यायले, खाटेवर बसून दम खाल्ला. नंतर कांताच्या मदतीने किर्तीचं सामान भरलं. साड्या, पोरीचं दप्तर, आधार कार्डं, परळच्या जागेचे कागद. दोन मोठ्या पिशव्या झाल्या. खाली येऊन टॅक्सीत बसले तेव्हा चार वाजत आले होते. भुवईवर पदर दाबून धरला होता, तरी मनात आनंद मावत नव्हता. आज पोरगी राहणार होती. आज काय, कायमची. उद्या पहाटे तिला धक्क्यावर नेईन, स्पृहाला दत्तू सांभाळेल, दाराजवळची जागा तिची, उशी मी स्वतः शिवून देईन. लालबागपासून वरळीपर्यंत मी सगळं घर मांडून टाकलं.

किर्ती ओट्यावर बसली होती, मांडीवर स्पृहा. दत्तू बाजूला जाळं शिवत होता. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नडगी, गुडघा, हात, दात. स्पृहा ऐकतेय याचंही भान नव्हतं. मला वाटत होतं, आता ही उठून गळ्यात पडेल.

तिने पदर ओला करून माझी भुवई पुसली. जखम किती खोल आहे ते बघितलं. मग विचारलं, "कशाने मारलंस?"

मी म्हटलं, धोपाटण्याने.

"मलाही धोपाटण्यानेच मारायचीस," ती म्हणाली.

तिचा आवाज साधा होता, भाजी काय करू विचारावं तसा. मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती सांगायला लागली. नऊ वर्षांची असताना तिच्या हातून पापलेटची पाटी गटारात पडली होती, तेव्हा तीन दिवस तिला शाळेत बाकावर बसता आलं नव्हतं. सहावीत खोटं बोलली म्हणून मी तिच्या तळहातावर उलथनं तापवून ठेवलं होतं. दहावीत एका मुलाशी बोलताना दिसली तेव्हा केस धरून कोळीवाड्याच्या गल्लीतून घरापर्यंत ओढत आणलं होतं. मला यातलं काही आठवत होतं, काही नव्हतं. ज्याने मारलं त्याला कुठे सगळं आठवतं?

मी म्हटलं, "ते वेगळं. मी आई आहे तुझी. तुझ्या भल्यासाठी मारलं."

"तोही तेच म्हणतो. नवरा आहे म्हणतो." ती स्पृहाच्या केसांतून हात फिरवत होती. "लग्न झाल्यावर त्याने पहिल्यांदा मारलं ना आये, तेव्हा मला नवल नाही वाटलं. मला वाटलं, घर म्हणजे असंच असतं. मारणारं माणूस बदललं, एवढंच."

मी दत्तूकडे पाहिलं. तो जाळ्यातली गाठ सोडवत होता, मान वर करत नव्हता. त्याने तेव्हाही कधी मान वर केली नव्हती.

मी म्हटलं, झालं ते झालं, सामान आणलंय, आता राहा. माझ्या तोंडून ते विनवणीसारखं निघालं. आयुष्यात मी कोणाला विनवलं नव्हतं.

तिने मान हलवली. तिने सांगितलं की परळच्या बाजारातली नम्रता म्हणून मैत्रीण आहे, तिची खोली आहे, तिथे जायचं तिने आजच नाही, महिन्यापूर्वीच ठरवलं होतं. फक्त कागद घरात अडकले होते. ते आणलेस, बरं केलंस, म्हणाली.

"आणि मी?" मी म्हटलं. "दर सोमवारी येतेस ती कोणासाठी?"

"सोमवारी तू मारायची नाहीस," किर्ती म्हणाली. "लहानपणापासून. आठवड्यात तो एक दिवस मी मोकळी झोपायची. तुझ्याकडे आले की अजून लागते झोप. पण मी मंगळवारी कशी राहू, आये? स्पृहा चार वर्षांची आहे. तिच्या हातून काहीबाही सांडतं."

यात खोटं काहीच नव्हतं. आणि खरं ऐकलं की मला काय होतं ते मला माहीत होतं, पण माहीत असून उपयोग नसतो. मी तिच्यासाठी रक्त सांडून आले होते. भुवई अजून गळत होती. आणि ही मला त्याच्या ओळीत बसवत होती, त्या नालायकाच्या, ज्याचे मी दुपारीच दात पाडले होते. कानात घूं झालं. मी काय करते आहे ते कळायच्या आत हात गेला.

थप्पड गालावर बसली, पूर्ण, हाताचा जड बुडखा कानाखाली. किर्तीचं डोकं ओट्याच्या खांबावर आपटलं आणि खपली उघडून रक्त आलं.

ती ओरडली नाही. स्पृहाही रडली नाही. ती चार वर्षांची पोर आईच्या मांडीवरून झटकन खाली उतरली, ओट्याच्या कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून दोन्ही हातांनी डोकं झाकून उकिडवी बसली. अगदी सवयीचं काम असल्यासारखी. कुठे बसायचं, कसं बसायचं, तिला सगळं माहीत होतं.

तिची आई तशीच बसायची. त्याच कोपऱ्यात. ते मात्र मला आठवलं.

दत्तू उठला. त्याने जाळं खाली ठेवलं, दोन्ही पिशव्या उचलल्या आणि ओट्यावरून खाली उतरून गल्लीत उभा राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याला म्हटलं, अहो, तुम्ही कुठे? तो म्हणाला, "पोरीला सोडतो." मग म्हणाला, "तेव्हाच उठायला पाहिजे होतं मी."

किर्तीने स्पृहाला कोपऱ्यातून उचललं. पोर आधी हात सोडेना, मग आईच्या गळ्याला बिलगली. किर्तीने एका हाताने पदर डोक्याला दाबला, चप्पल घातली. मी ओट्याच्या पायरीशीच उभी होते. ओटा अरुंद आहे आमचा, खाली उतरायला तिला माझ्या अंगावरूनच जावं लागणार होतं. जवळ आली तशी ती क्षणभर थांबली आणि तिची मान आपोआप एका बाजूला झाली, कानाखाली बसू नये म्हणून.

मी तिला अडवलं नाही. अडवायचं म्हणजे हात पुढे करावा लागला असता. दोन्ही हात पाठीमागे धरून मी बाजूला झाले आणि ती गेली.